धूर विरला, आता पुढचं बोलू या : भारतातल्या चार कार्डिनल महोदयांना खुलं पत्र

मा. कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव, मा. कार्डिनल अँथनी पूला, मा. कार्डिनल बाझेलिओस क्लेमिस आणि मा. कार्डिनल जॉर्ज कूवाकाड यांना,

सादर नमस्कार.

2025 च्या मे महिन्यात व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये नवा पोप निवडायला ज्या 133 कार्डिनलांनी मतपत्रिका दुमडून पुढे टाकल्या त्यातले चार आपल्या देशाचे, म्हणजे तुम्ही चौघं, म्हणून हे पत्र तुम्हाला. आत काय झालं, कोणाला किती मतं पडली, तुम्ही कोणाचं नाव लिहिलंत यातलं काहीच विचारणार नाहीये, गुप्ततेची शपथ घेतलीत ती पाळा. मला विचारायचंय ते बाहेर आल्यावरचं.

मी कोण ते आधी सांगून टाकते. मूळची वसईची, लग्न आणि नोकरी यापायी आता दुसऱ्या गावात, आणि कुठल्या धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) ते मुद्दाम लिहीत नाही, उगाच आमच्या फादरांच्या डोक्याला ताप नको, माणूस भला आहे. रविवारी मिस्सानंतर पोरांना धर्मशिक्षण शिकवते. थिऑलॉजी वगैरे शिकलेली नाही पण वाचायची खोड आहे, आणि साधा मराठी कॅथलिक माणूस चर्चबद्दल मिस्साच्या वेळा आणि लग्नाच्या नोटिसा यापलीकडे काही वाचत नाही असा जो समज आहे ना तो वसईने कधीच मोडीत काढलाय, फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते काय उगाच नाही. त्यामुळे मी मराठीतच लिहिणार. तुमच्यापर्यंत पोचलंच तर कोणीतरी फादर वाचून दाखवतील.

तर पोप फ्रान्सिस गेले 21 एप्रिल 2025 ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वय 88. अडतीस दिवस रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलमध्ये काढून परत आले होते, डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण ईस्टरला बाल्कनीत आले, आवाज फुटत नव्हता म्हणून संदेश दुसऱ्याने वाचला, मग गाडीत बसून चौकात फेरी मारली. त्याच सकाळी अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स त्यांना दोन मिनिटं भेटून विमानात बसले आणि ते दिल्लीत पाहुणचार घेत असतानाच इकडे बातमी आली. शेवटची व्यवस्था फ्रान्सिसनी स्वतःच करून ठेवली होती. एकात एक तीन शवपेट्या ठेवायची जुनी पद्धत 2024 मध्येच बंद करून टाकलेली, त्यामुळे एकच लाकडी पेटी, आत जस्ताचा पत्रा, आणि पुरलं सेंट पीटर्समध्ये नाही तर सांता मारिया माज्जोरेमध्ये, दगडावर फक्त फ्रान्सिस्कुस एवढंच. आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गेल्या होत्या अंत्यविधीला. देशात तीन दिवसांचा दुखवटा होता, मला वाटतं कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल की पोप हा एका देशाचाही प्रमुख असतो.

मग आपल्या चॅनलवाल्यांचं सुरू झालं. काळा पोप येणार, हा शेवटचा पोप, नॉस्ट्राडेमस काय म्हणून गेला, आणि सगळ्यात आवडता विषय म्हणजे भारतीय पोप होणार का!! तुमचे फोटो गोल करून फिरवत होते. ट्रम्पनी स्वतःला पोपच्या कपड्यात दाखवणारा एआयचा फोटो टाकला तर तो आमच्या फॅमिली ग्रुपवर इतक्यांदा आला की शेवटी मी ग्रुप म्यूट केला. पण साधी गोष्ट, की मत कोण देऊ शकतं आणि कोण नाही, ती मी पाहिलेल्या एकाही चॅनलने धड सांगितली नाही. पद रिकामं होण्याआधी ज्याची 80 वर्षं पूर्ण झाली त्याला मत नाही. मुंबईचे कार्डिनल ग्रेशस डिसेंबरमध्येच 80 पार झालेले. कार्डिनल अलंचेरी 19 एप्रिलला 80 चे झाले आणि दोनच दिवसांनी फ्रान्सिस गेले, म्हणजे त्यांचं मत 48 तासांनी हुकलं. म्हणून 2013 ला पाच भारतीय होते ते यावेळी चार, आणि त्या पाचातले तुमच्यात एकटे क्लेमिस महोदय, दोन्ही निवडणुका आतून पाहिलेले.

आणि 8 मे ची ती रात्र. ऑपरेशन सिंदूर होऊन एक दिवस झाला होता. टीव्हीवर जम्मूचं आकाश, धर्मशाळेला आयपीएलची मॅच अर्ध्यात थांबवलेली, दिवे बंद, लोकांना स्टेडियमबाहेर काढतायत, अँकर ओरडून ओरडून घसा बसलेला. आणि माझ्या हातात मोबाईलवर व्हॅटिकनचं लाईव्ह, साडेनऊ वाजून गेलेले, आणि त्या चिमणीतून भसकन पांढरा धूर. सासूबाई शेजारी बसलेल्या, चष्मा नव्हता डोळ्यावर, म्हणाल्या हे पण आपल्याकडेच पडलं का ग? मी म्हटलं नाही आई, हा पोपचा धूर. त्या म्हणाल्या बरं झालं बाई निदान कुठेतरी काहीतरी चांगलं. तासाभराने नवे पोप, लिओ चौदावे, बाल्कनीत आले आणि पहिलं वाक्य काय तर शांती तुम्हा सर्वांबरोबर असो, आणि पुढे निःशस्त्र शांतीबद्दल बोलले, आणि आमच्या टीव्हीवर खाली पट्टीत एक ओळ सरकत होती, अमेरिकेचे प्रिव्होस्ट नवे पोप, वर ड्रोन. रविवारी, 11 तारखेला, त्यांनी भारत पाकिस्तानच्या युद्धविरामाचं नाव घेऊन स्वागत केलं. नवीन पोपच्या पहिल्याच रविवारी आपला उल्लेख होईल असं वाटलं नव्हतं, आणि तोही अशा कारणासाठी व्हावा असंही वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याकडे येते. नवीन पोप आला की आपल्याकडे दोन टोळ्या पडतात आणि दोघींचं एकच चालू असतं, हा आमचा की त्यांचा. लिओ बाल्कनीत आले ते खांद्यावर ती लाल केप घालून, जी फ्रान्सिसनी 2013 ला घातली नव्हती, तर आमच्या एका ग्रुपवर लगेच जल्लोष, आता सगळं परत पूर्वीसारखं होणार, तो सिनड बिनड (सगळ्या चर्चला विचारून चालायची फ्रान्सिसनी सुरू केलेली प्रक्रिया) बंद, बायकांना पुढे पुढे आणणं बंद. दुसऱ्या ग्रुपवर सुतक. मग कोणीतरी त्यांचा पेरूमधला फोटो टाकला, पुरात गमबूट घालून चिखलात उभे असलेला, तर जल्लोष आणि सुतक यांची अदलाबदल. फ्रान्सिस ज्या पोपच्या राजवाड्यात राहिले नव्हते तिथे हे पुन्हा राहायला जाणार म्हटल्यावर परत उलट. कपड्यांवरून आणि घरावरून माणूस ओळखायचा हे सासरी नवीन सून आल्यावर करतात तसं झालं. आणि यात काय राहून जातं तर मागच्या माणसाने हातात काय देऊन ठेवलंय आणि पुढचा ते टाकतोय की धरतोय, हे कोणी बघतच नाही.

मी बघितलं, जमेल तसं. फ्रान्सिसनी 2024 च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री ज्युबिलीचं, म्हणजे पवित्र वर्षाचं, दार उघडलं आणि 6 जानेवारी 2026 ला ते लिओंनी बंद केलं, एका पोपच्या काळात उघडायचं आणि दुसऱ्याच्या काळात लावायचं असं याआधी 1700 च्या ज्युबिलीत झालं होतं. गरिबांवरचं जे पत्र फ्रान्सिस लिहीत होते ते अर्धवट राहिलं, ते लिओंनी पूर्ण करून ऑक्टोबर 2025 मध्ये काढलं आणि मागच्यांनी सुरू केलं होतं हे लपवलं नाही. गाझातल्या त्या एका चर्चला फ्रान्सिस रोज रात्री फोन करायचे, जुलैत त्याच चर्चवर मारा झाला तेव्हा लिओ गप्प बसले नाहीत. स्थलांतरितांवरून अमेरिकेच्या बिशपांना फ्रान्सिसनी फेब्रुवारी 2025 मध्ये सडेतोड पत्र लिहिलं होतं, आता तो विषय एका शिकागोत जन्मलेल्या माणसाच्या हातात आलाय, ज्याला ट्रम्प परदेशी म्हणून उडवून लावू शकत नाहीत. या बदलाचा जगाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा अर्थ मला विचाराल तर इथे आहे. महासत्तेचा पोप नको, हा अलिखित नियम होता म्हणतात, आणि तो मोडला तो अशा माणसासाठी ज्याने पेरूचं नागरिकत्व घेतलं आणि पहिल्याच भाषणात इटालियन थांबवून स्पॅनिशमध्ये पेरूतल्या आपल्या चिक्लायो धर्मप्रांताच्या लोकांना हाक मारली. इंग्रजीत एक शब्द नाही. अमेरिकन लोकांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी झाली असणार.

पण फ्रान्सिसनी हातात ठेवलेलं सगळ्यात मोठं अर्धवट काम म्हणजे सिनड. 2021 ला सुरू केलं, जगातल्या प्रत्येक धर्मग्रामाला विचारायचं म्हणून, 2023 आणि 2024 ला रोममध्ये बैठका, त्यात पहिल्यांदाच पन्नासहून जास्त बायकांनी मतदान केलं, 26 ऑक्टोबर 2024 ला शेवटचा दस्तऐवज आला आणि फ्रान्सिस म्हणाले मी यावर वेगळं पत्र लिहिणार नाही, हाच माझा शब्द समजा. मग मार्च 2025 मध्ये जेमेल्लीच्या खाटेवरून, नळ्या लावलेल्या अवस्थेत, पुढच्या तीन वर्षांचं वेळापत्रक मंजूर केलं : 2027 च्या पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे एकेका बिशपांच्या हद्दीत, सभा, नंतरच्या सहांत देशपातळीवर, 2028 च्या सुरुवातीला खंडपातळीवर, आणि ऑक्टोबर 2028 ला रोममध्ये मोठी सभा. मरायला टेकलेला माणूस तीन वर्षांनंतरच्या मीटिंगची तारीख ठरवतो, त्याला काय कळत नव्हतं का की तेव्हा आपण नसणार? कळत होतं, म्हणूनच ठरवली.

आणि लिओंनी ती टाकली नाही. बाल्कनीतच सिनडच्या वाटेने चालणारी ख्रिस्तसभा म्हणाले, जुलै 2025 मध्ये अंमलबजावणी कशी करायची त्याची पुस्तिका आली, त्यात प्रत्येक धर्मप्रांतात यासाठी टीम हवी असं स्पष्ट लिहिलंय. 2026 च्या जानेवारीत, 7 आणि 8 ला, जगभरच्या कार्डिनलना रोमला बोलावलं आणि चार विषय समोर ठेवून सांगितलं यातले दोन निवडा, वेळ कमी आहे. तर कार्डिनल मंडळींनी निवडले मिशन आणि सिनड. पोपने लादलं नाही, तुमच्याच मंडळींनी निवडलं. म्हणजे आता रोमचा रोख काय आहे अजून कळत नाही हो, हे उत्तर चालायचं नाही.

आता माझी तक्रार, घरचीच आहे.

2022 च्या सुरुवातीला आमच्याकडे सिनडचा कागद आला. प्रश्नांची झेरॉक्स, मराठी भाषांतर असं की पहिला प्रश्न वाचून झाला की दम लागायचा. तरी मी आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या बायकांनी घरोघर जाऊन भरून घेतला. लोक बोलले हो. एक काका, जे चर्चला येणं सोडून दहा वर्षं झालेली, ते दोन तास बोलले, भावाच्या अंत्यविधीच्या वेळी थकलेल्या वर्गणीचा हिशोब निघाला होता त्याबद्दल. एका घटस्फोटित बाईने कागद कोराच परत दिला आणि म्हणाली माझ्यासाठी यात जागा कुठे आहे, तर आम्ही मागच्या बाजूला तिचं म्हणणं लिहून घेतलं. तरुण पोरांनी लिहिलं प्रवचन लहान करा, ते सगळीकडेच लिहितात. सगळा गठ्ठा एका निळ्या फाईलमध्ये घालून ऑफिसमध्ये नेऊन दिला. पुढे? पुढे काही नाही. वरती पाठवला असं कळलं. वरती काय गेलं, त्याचं काय केलं, आमच्या धर्मग्रामातून हे हे आलं असं एक पान वाचून दाखवलं का, तर नाही. नंतर एकदा कपाट आवरायला घेतलं होतं तेव्हा ती निळी फाईल मला त्यातच दिसली, आत कागद तसेच, कोऱ्या कागदामागचं आमचं अक्षर पण तसंच.

कोणाला बोल लावायचा म्हणून हे सांगत नाहीये. मला विचारायचंय की अशा किती फायली असतील? रोममध्ये तुम्ही ऐकणाऱ्या ख्रिस्तसभेच्या बाजूने हात वर करता, आणि इथे ज्या काकांनी दहा वर्षांनी तोंड उघडलं त्यांना आम्ही काय सांगायचं? ते रस्त्यात भेटले की मी दुकानाच्या पाट्या वाचत पुढे जाते.

आता थोडं मागचं, कारण लिओ हे नाव ऐकून आपल्याकडच्या बहुतेकांना फक्त कामगार आणि 1891 चं ते प्रसिद्ध पत्र आठवलं. ते बरोबरच आहे, लिओंनी स्वतःच सांगितलं की तेराव्या लिओंनी कारखान्यांच्या काळात कामगारांची बाजू घेतली तसं आता एआयच्या काळात करायचंय. पण तेरावे लिओ आपलेही लागतात. फेर्राव महोदय, तुमच्या पदाला ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क ही जी मानाची उपाधी आहे ती त्यांनीच 1886 ला दिलेली. त्याच वर्षी त्यांनी पोर्तुगालशी करार केला आणि भारतात रीतसर धर्मप्रांत आखले. त्याआधी आपल्याकडे काय चालायचं ते आजकालच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं : पोर्तुगालचा राजा म्हणायचा बिशप मी नेमणार, रोम म्हणायचं मी नेमणार, आणि मुंबईत एकाच वस्तीत दोन बिशपांची दोन चर्चं, एका घरातला भाऊ या चर्चचा आणि दुसरा त्या चर्चचा. करारानंतरही वसई साष्टी गेली दमणच्या धर्मप्रांतात आणि मुंबई शहरात दोन बिशपांचा कारभार चालूच, तो मिटायला 1928 उजाडलं. म्हणजे पोपने आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी गावात सगळं सरळ झालं असं आपल्या इतिहासात एकदाही झालेलं नाही. गावातली माणसं हलली तेव्हा हललं.

आणि दुसरं. 1893 ला त्याच लिओंनी पत्र काढलं की भारतात भारतीयच धर्मगुरू घडले पाहिजेत, त्यासाठी श्रीलंकेत कँडीला सेमिनरी काढली, ती 1955 ला पुण्याला आली, नगर रोडवरची पेपल सेमिनरी ती हीच. तिचं ब्रीद, भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातला एक म्हातारा म्हणतोय की परदेशी मिशनऱ्यांच्या भरवशावर राहू नका, तुमची माणसं तयार करा. ती तयार झाली, तुम्ही चौघं त्याचा पुरावा आहात, कूवाकाड महोदय तर रोममध्ये बसून इतर धर्मांशी संवादाचं खातं सांभाळतात. फक्त आता तोच भरवसा खाली सरकवायची पाळी तुमची आहे. रोमने बिशपांवर विश्वास टाकला, बिशपांनी प्रापंचिकांवर, म्हणजे आमच्यासारख्या साध्या लोकांवर, कधी टाकायचा? पुत्रांचं झालं, कन्यांचं काय?

कन्यांचा विषय काढलाच आहे तर बोलून घेते. सिनडच्या त्या शेवटच्या दस्तऐवजात 60 वा परिच्छेद बायकांबद्दलचा, की चर्चमध्ये नेतृत्वाची कामं करण्यापासून बायकांना अडवायला काही कारण नाही. बाजूने 258, विरोधात 97. सगळ्या दस्तऐवजात सर्वात जास्त विरोध याच परिच्छेदाला. बायकांना डीकन (धर्मगुरूच्या खालचं दीक्षित पद) करायचा प्रश्न अजून उघडा आहे म्हटलंय म्हणून तो विरोध, हे मला समजतं, त्यावर मी आत्ता भांडत नाही. पण जे आधीच मिळालंय त्याचं काय? जानेवारी 2021 ला वाचक आणि वेदीसेवक या सेवा बायकांना रीतसर खुल्या झाल्या, मे 2021 ला धर्मशिक्षकाची रीतसर सेवा स्थापन झाली, बिशपांच्या हातून विधी करून नेमणूक होते त्यात. मी धर्मशिक्षिका आहे, मला तर असा विधी आपल्या भागात झालेला बघायला मिळालेला नाही, तुम्ही तुमच्याकडे केला असेल तर सांगा, मी येऊन बघेन. लिओ स्वतः पोप व्हायच्या आधी ज्या खात्याचे प्रमुख होते, बिशप निवडण्याच्या, तिथे 2022 ला तीन बायका सदस्य झाल्या. (आपले लॅटिन पंथाचे बिशप त्या खात्यातून येत नाहीत, ते मिशनच्या खात्यातून येतात, ते मला माहितेय, पण मुद्दा समजला असेलच.) जगातल्या बिशपांची नावं ठरवताना बाई टेबलावर बसू शकते आणि आमच्या गावात सणाच्या हिशोबाला बसू शकत नाही, तिने फक्त फुलं लावायची आणि फादरांचं जेवण बघायचं.

हिशोबावरून आठवलं. चर्चच्या कायद्यात धर्मग्रामाची अर्थसमिती सक्तीची आहे पण धर्मग्राम परिषद नाही, ती बिशपांना वाटलं तर. म्हणजे पैशाला समिती हवीच आणि माणसांना असली तर असली. सिनडच्या दस्तऐवजाने आग्रहाने म्हटलंय की या परिषदा सक्तीच्या करा. त्यासाठी कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही, आजच्या कायद्यातही बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात सक्तीची केली तर झाली. एक सही. आणि नुसती कागदावर नको, वर्षातून किती वेळा बसली आणि काय ठरलं ते मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये वाचून दाखवायचं, क्रिकेट टुर्नामेंटची तारीख वाचता तसंच.

पूला महोदय, तुम्ही कार्डिनल झालात 2022 ला तेव्हा पहिले दलित कार्डिनल म्हणून बातमी झाली, आमच्या वसईतही पेढे वाटल्यासारखं वातावरण. पण आम्ही वसईकर, खरं सांगते, मराठी कॅथलिक म्हणजे आपणच असं धरून चालतो. हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जी गर्दी होते, श्रीरामपूर राहाता संगमनेर पट्ट्यातली आणि मराठवाड्यातून आलेली, तेही आपलेच, त्यांचा पाळणा आपल्या पाळण्यापेक्षा वेगळा, त्यांच्या पिढ्यांनी जे सोसलंय ते आम्ही सोसलेलं नाही. ख्रिस्ती झालात म्हणून 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत आणि ख्रिस्ती होऊनही लग्नाच्या वेळी आडनाव विचारतातच. सरकारकडे मागणी करायला आपण मोर्चे काढतो, काढायलाच पाहिजेत. पण 2027 ला धर्मप्रांतांच्या सभा बसतील तेव्हा हे आतलं बोलायला जागा असेल का, की तिथेही सुरुवातीची प्रार्थना, मान्यवरांचं स्वागत, गटचर्चा, समारोप आणि जेवण?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं ते मला आधीच ठाऊक आहे, म्हणून तुमचा वेळ वाचवते. ही वेळ नाही. बाहेर बघा काय चाललंय. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर दोन सिस्टर्सना पकडून आत टाकलं, जामीन मिळेपर्यंत आठवडा गेला, मणिपूर अजून धुमसतंय, अशा वेळी आपल्यातच मतभेद दाखवायचे का? मी म्हणते दुर्गच्या वेळी रस्त्यावर कोण उतरलं हो? साधे प्रापंचिक, बायका, पोरं, मेणबत्त्या घेऊन. तेव्हा आम्ही चालतो. हिशोब विचारायला लागलो की मात्र वेळ चुकीची. आणि केरळात एर्नाकुलमला मिस्सा करताना फादरांचं वेदीकडे तोंड की लोकांकडे तोंड यावरून जे झालं ते तर बाहेरच्यांनी केलं नाही ना. वेळेत ऐकलं नाही की घर कसं फाटतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यातले दोघं तर केरळचेच.

फेर्राव महोदय, तुम्ही आशियाच्या बिशप परिषदांच्या संघाचेही अध्यक्ष आहात, म्हणजे 2028 ची आशियाची सभा तुमच्याच गळ्यात. म्हणून मुख्य मागणी तुमच्याकडे, बाकी तिघांनी पाठिंबा द्यावा. 2022 ला लोकांनी काय सांगितलं त्याचा प्रत्येक धर्मप्रांताचा गोषवारा लोकांच्या भाषेत, आमच्याकडे मराठीत, परत लोकांसमोर ठेवायला सांगा, चार पानांचा चालेल. 2027 च्या सभेसाठी टीम कोण, त्यात बायका किती, गावाकडचे किती, ते आत्ताच जाहीर करायला सांगा, सभेच्या आदल्या आठवड्यात नको. प्रश्न पुन्हा झेरॉक्सवर येणार असतील तर भाषांतर आधी कोणा मराठी माणसाला वाचायला द्या, आम्ही फुकट करून देऊ. आणि ज्या कपाटात फायली पडल्यात ती कपाटं उघडायला सांगा, त्याला रोमची परवानगी लागत नाही.

उत्तर मलाच पाठवायला हवं असं काही नाही. तुमच्या बिशप मंडळींना कळवा, ते धर्मग्रामांना कळवतील, एखाद्या रविवारी सूचनांमध्ये वाचलं जाईल, मी पुढच्याच बाकावर असते. त्या काकांना मी आधीच सांगून ठेवणार आहे की त्या रविवारी या, तुमचं काहीतरी वाचणार आहेत. ते विचारतील कधी. तारीख तेवढी कळवा.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका, मूळ गाव वसई